तिमाही सर्व्हिस होऊनही फॉल्स सीलिंग का गळते: कार्यालयीन इमारतीतील वातानुकूलन आणि वायुवीजनाच्या प्रतिबंधात्मक देखभालीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीतील आपली इमारत तळमजला अधिक आठ मजल्यांची असून ती कार्यालयांना भाड्याने दिलेली आहे. तळघरातील प्लांट रूममध्ये प्रत्येकी १५० टनांचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर (पाणी गार करणारी यंत्रे), गच्चीवर त्यांची उष्णता हवेत सोडणारे कूलिंग टॉवर, मजल्यागणिक दोन याप्रमाणे १८ एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा थंड करून मजल्यावर खेळवणारी यंत्रे (एएचयू), आणि तळघरातील पार्किंगसाठी एक्झॉस्ट पंखे अशी व्यवस्था आहे. वार्षिक देखभाल कराराप्रमाणे (एएमसी) कंत्राटदाराची माणसे दर तीन महिन्यांनी येतात, सर्व्हिस करतात आणि रिपोर्टवर आपल्या माणसाची सही घेऊन जातात. तरीही जुलै महिन्यात तिसऱ्या मजल्यावर फॉल्स सीलिंगमधून पाणी टपकते, दुपारच्या जेवणानंतर कोंदट वाटते अशी भाडेकरूंची तक्रार असते, आणि भाडेकरू तेवढेच असताना विजेचे बिल दोन वर्षांत चढत गेले आहे. करार बदलावा, कंत्राटदार बदलावा की यंत्रेच बदलावीत, असे आपण विचारले आहे.

मुंबई, ठाणे आणि पुणे येथील इमारतींच्या प्लांट रूममध्ये गेली सत्तावीस वर्षे काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, यंत्रे बदलण्याचा विचार आत्ता करू नये, कंत्राटदार बदलण्याचा निर्णयही काही महिने थांबवावा, आणि सध्याच्या करारात आपण नेमके काय विकत घेतले आहे ते आधी पाहावे. बहुतेक करारांत भेटी विकत घेतलेल्या असतात. भेटीत फिल्टर धुतले जातात, कॉइलवर पाणी मारले जाते, बेअरिंगला ग्रीस दिले जाते. ही कामे आवश्यकच आहेत, परंतु ती झाल्यानंतरही यंत्र पूर्वीपेक्षा किती खालावले आहे हे कोणालाच सांगता येत नाही, कारण काहीही मोजलेले नसते. शिवाय देखभालीचे लक्ष नेहमी तक्रारीमागे धावते. गारवा कमी झाला की अर्ध्या तासात फोन येतो. ताजी हवा निम्मी झाली, टॉवरच्या पाण्यात क्षार वाढले, ड्रेनच्या सापळ्यातील पाणी सुकले किंवा आगीच्या वेळी हवेचा मार्ग (डक्ट) बंद करणारी झडप, म्हणजे फायर डॅम्पर, गंजून अडकला, तर कोणीही फोन करत नाही. आपल्या तिन्ही तक्रारी अशाच न बोलणाऱ्या भागांतून आल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

प्रतिबंधात्मक देखभालीला सुरुवात करायची तर तुलनेसाठी एक मूळ नोंद हाती असावी लागते. इमारत कार्यान्वित झाली तेव्हाचा कमिशनिंग रिपोर्ट कोठेतरी फाइलमध्ये असेल, तो शोधावा. त्यात प्रत्येक एएचयूची हवा, पंख्याच्या मोटरचा प्रवाह, चिलरचे दाब आणि तापमाने, पंपांचे दाब हे सर्व असते. तो मिळाला नाही, तर यंत्रणा एकदा नीट स्वच्छ करून घेऊन त्या दिवसाची वाचने हीच मूळ नोंद मानावी. अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचे मानक १८० हे व्यापारी इमारतींतील अशा यंत्रणांच्या तपासणी आणि देखभालीसाठीच आहे, आणि त्यातील मला सर्वांत उपयुक्त वाटणारी गोष्ट म्हणजे प्रत्येक उपकरणासाठी स्थिती दाखवणारी खूण आधी ठरवणे आणि तिच्या आधारे तपासणीचा कालावधी कमी-जास्त करणे. आठव्या मजल्यावरचा फिल्टर तीन महिने टिकत असेल आणि मेट्रोच्या कामाकडे तोंड असलेला पहिल्या मजल्यावरचा फिल्टर पंधरा दिवसांत भरत असेल, तर दोघांना एकच वेळापत्रक लावण्यात अर्थ नाही. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक दाखवणारे साधे मापक प्रत्येक एएचयूवर लावून घ्यावे. स्वच्छ असताना तो फरक किती पास्कल होता हे त्याच्या शेजारी रंगाने लिहून ठेवावे, आणि तो दुपटीवर गेला की फिल्टर काढावा, मग तारीख कोणतीही असो.

आता विजेच्या बिलाकडे येतो, कारण यात मोजण्याचे महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसते. चिलरच्या कंडेन्सरमध्ये गॅस ज्या तापमानाला द्रवरूप होतो ते तापमान आणि कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान यांतील फरकाला आमच्या व्यवसायात अ‍ॅप्रोच म्हणतात. स्वच्छ कंडेन्सरमध्ये पूर्ण भारावर तो साधारणपणे १ ते ३ अंश सेल्सिअस असतो. नळ्यांच्या आत क्षारांचा किंवा शेवाळाचा थर बसला की उष्णता पाण्यात जाण्यास अडथळा होतो, गॅसचे तापमान आणि दाब वाढतो, आणि कॉम्प्रेसरला तेवढ्याच गारव्यासाठी अधिक वीज लागते. ढोबळमानाने हे तापमान १ अंशाने वाढले की वीज २ ते ३ टक्क्यांनी वाढते. आपला १५० टनांचा चिलर टनाला ०.७ किलोवॉट धरल्यास १०५ किलोवॉट घेतो. अ‍ॅप्रोच ३ अंशांनी वाढलेला असेल तर साधारण ८ किलोवॉट जादा, म्हणजे महिन्याला २५० तास चालणाऱ्या एका चिलरमागे सुमारे २,००० युनिट. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहिल्यास नळ्या घासण्याचा खर्च किती महिन्यांत वसूल होतो ते लगेच कळेल. या सर्व काळात भाडेकरूला गारवा तेवढाच मिळत असतो, म्हणून कोणीही तक्रार करत नाही.

अ‍ॅप्रोच वाढलेला दिसला म्हणून लगेच अ‍ॅसिडने डीस्केलिंग करायला निघू नये. कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरकही पाहावा. हा फरक नेहमीपेक्षा वाढलेला असेल तर पाणीच कमी वाहत आहे, आणि दोष पंपात, गाळणीत किंवा अर्धवट बंद राहिलेल्या व्हॉल्व्हमध्ये आहे. फरक नेहमीइतका असून अ‍ॅप्रोच मोठा असेल तर नळ्यांतील थर किंवा यंत्रणेत शिरलेली हवा यांपैकी एक कारण असते. वाचनांची तुलना सारख्या भाराच्या दिवसांशीच करावी, कारण निम्म्या भारावर अ‍ॅप्रोच आपोआप लहान दिसतो आणि मळलेला कंडेन्सरही निरोगी वाटतो. थंड पाण्याच्या बाजूला आणखी एक सोपा हिशोब आहे. ताशी किती घनमीटर पाणी वाहते त्याला जाण्यायेण्याच्या तापमानांतील फरकाने गुणावे आणि ३.०२४ ने भागावे, म्हणजे चिलर त्या क्षणी किती टन गारवा देत आहे ते मिळते. चिलरच्या मीटरवरील किलोवॉटला या आकड्याने भागले की टनामागे लागणारी वीज कळते, आणि माझ्या मते प्लांट रूमच्या भिंतीवरील फळ्यावर रोज लिहावा असा एकच आकडा निवडायचा असेल तर तो हाच आहे.

नळ्यांत थर का बसतो याचे उत्तर गच्चीवर आणि त्याहीपेक्षा पाण्याच्या टाकीत मिळते. आपले दोन्ही चिलर चालू असताना टॉवरमधून मिनिटाला साधारण ३,४०० लिटर पाणी फिरते, आणि ते ५ ते ६ अंशांनी थंड होताना त्याच्या सुमारे १ टक्का पाणी वाफ होऊन जाते. म्हणजे तासाला २,००० लिटर. वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टाकीत साठत जातात, म्हणून काही पाणी सतत सोडून द्यावे लागते, यालाच ब्लीड म्हणतात. महापालिकेचे तलावांतून येणारे पाणी मृदू असते आणि त्यावर चार सायकली, म्हणजे क्षारांचे प्रमाण मूळच्या चौपट होईपर्यंत, पाणी सहज चालवता येते. त्या वेळी तासाला सातशे लिटरांपेक्षा कमी पाणी सोडावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पाणीकपात सुरू होते, टॉवरसाठी टँकर मागवले जातात, आणि टँकरमधील पाणी बहुधा बोअरवेलचे असते. त्यात विरघळलेले क्षार १,००० पीपीएम (दशलक्ष भागांत हजार भाग) असतील आणि टॉवरमध्ये १,५०० पीपीएमची मर्यादा पाळायची असेल, तर सायकल जेमतेम दीड होते आणि तासाला ४,००० लिटर पाणी सोडावे लागते. टँकर विकत घेऊन इतके पाणी गटारात सोडणे कोणालाच परवडत नाही. म्हणून ब्लीडचा व्हॉल्व्ह हळूच बंद केला जातो, औषधाची मात्रा पूर्वीचीच राहते, आणि मार्चपर्यंत स्वच्छ असलेल्या नळ्यांत जूनपर्यंत पांढरा थर बसतो. मी पाहिलेल्या बहुतेक कंडेन्सरचे नुकसान या दोन-अडीच महिन्यांतच झालेले आहे. यावर उपाय असा की टँकर सुरू होण्यापूर्वीच पाणी-उपचार करणाऱ्या संस्थेला कळवावे, टँकरच्या पाण्याची कठिणता आणि क्षार तपासून त्यांच्याकडून नवी मात्रा लिहून घ्यावी, आणि ब्लीडचे काम माणसाच्या मर्जीवर न ठेवता विद्युतवाहकता मोजून आपोआप उघडणाऱ्या व्हॉल्व्हवर सोपवावे. शक्य असेल तर सॉफ्टनरमधून काढलेले पाणीच टॉवरला द्यावे. त्याने क्षारांची एकूण संख्या घटत नाही, परंतु थर बसवणारे क्षार कमी होतात.

टॉवरच्या बाबतीत पैशांपेक्षा मोठा प्रश्न माणसांच्या आरोग्याचा आहे. १९७६ साली फिलाडेल्फियातील एका हॉटेलात अमेरिकी माजी सैनिकांचे संमेलन भरले असताना न्यूमोनियाची जी साथ पसरली, तिच्या तपासातून लिजिओनेला हा जिवाणू शास्त्रज्ञांना पुढच्या वर्षी सापडला. २० ते ४५ अंश तापमानाच्या, गाळ आणि शेवाळ असलेल्या पाण्यात तो वाढतो, आणि टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासात जाऊ शकतो. मुंबईतील टॉवरचे पाणी वर्षभर याच तापमानात असते. त्यामुळे सहा महिन्यांतून एकदा टॉवर पूर्ण रिकामा करून बेसिनमधील गाळ काढणे, फिल (पाणी पसरवणारे आतील थर) तपासणे, तुषार अडवणारे एलिमिनेटर फुटलेले असल्यास बदलणे आणि जंतुनाशकाच्या मात्रेची लेखी नोंद ठेवणे यात सवलत घेऊ नये. टॉवरचा गाळ काढण्यासाठी आत उतरणाऱ्या कामगाराला योग्य मास्क दिलाच पाहिजे. ओला गाळ उडवत तो तासन्‌तास त्यात उभा असतो, आणि त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी इमारतीचीही आहे. दोन टॉवरपैकी एक बंद ठेवला असेल तर त्याच्या बेसिनमध्ये पाणी साचू देऊ नये, कारण तेथे डास अंडी घालतात.

आता जुलैतील टपकण्याविषयी. सीलिंगमधून येणाऱ्या पाण्याची कारणे दोन वेगळ्या गटांत पडतात आणि त्यांची गल्लत झाली की दरवर्षी तेच सीलिंग पुन्हा रंगवावे लागते. पहिला गट ड्रेनचा. आपल्या एएचयूमध्ये पंखा कॉइलच्या पुढे बसवलेला असेल, म्हणजे तो कॉइलमधून हवा ओढत असेल, तर ड्रेन पॅनजवळ बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. तो ५०० पास्कल असेल तर ५० मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतके बळ पॅनमधील पाणी आतच धरून ठेवते. म्हणून ड्रेनच्या नळाला इंग्रजी यू अक्षरासारखा सापळा लागतो आणि त्याची खोली या दाबापेक्षा निश्चितपणे जास्त, माझ्या सवयीप्रमाणे ७५ ते १०० मिलिमीटर, असावी लागते. अनेक ठिकाणी जागा नाही म्हणून प्लंबर सापळा उथळ करतो किंवा गाळाने भरतो म्हणून काढूनच टाकतो. हिवाळ्यात पाणी कमी निघते तेव्हा काही बिघडत नाही. जूनमध्ये हवेतील बाष्प वाढले की पॅन भरतो, काठावरून सांडतो, आणि रात्री पंखा बंद झाल्यावर एकदम सुटलेले पाणी नळात मावत नाही. कंत्राटदाराने मे महिन्यात पंखा बंद ठेवून पॅनमध्ये बादलीभर पाणी ओतून दाखवले तर ते वाहून जातेच. ती चाचणी काहीच सिद्ध करत नाही. पंखा पूर्ण वेगाने चालू असताना आणि दार बंद असताना पाणी जाते का, हेच पाहायचे असते.

दुसरा गट घामाचा. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागण्याचे तापमान, २५ अंशांच्या आसपास असतो. त्यामुळे ७ अंशांचे पाणी वाहून नेणाऱ्या नळावरील इन्सुलेशनचा सांधा बोटभर जरी उघडा असेल तरी तेथे पाणी धरते, इन्सुलेशनखालून नळाच्या उताराने वाहते आणि सांध्यापासून चार-पाच मीटर दूर टपकते. डागाच्या बरोबर वर काहीच सापडत नाही ते यामुळे. व्हॉल्व्ह आणि गाळणी यांची सर्व्हिस करताना इन्सुलेशन कापले जाते आणि नंतर साध्या टेपने गुंडाळले जाते. पुढच्या पावसाळ्यात गळती तेथूनच सुरू होते. व्हॉल्व्हसाठी काढता-घालता येणारे इन्सुलेटेड कव्हर करून घेतल्यास हा त्रास संपतो. हवेच्या ग्रिलवर घाम येत असेल तर मात्र कारण नळात शोधू नये. फिल्टर भरल्यामुळे हवा कमी झाली की कॉइलमधून निघणारी हवा अधिक थंड होते, ग्रिलचा पत्रा गारठतो आणि खोलीतील दमट हवा त्यावर पाणी सोडते. शनिवार-रविवार यंत्रणा पूर्ण बंद ठेवून सोमवारी सकाळी नऊला एकदम सुरू केली तरी तेच होते. पावसाळ्यापुरती सोमवारी तासभर आधी यंत्रणा सुरू करावी आणि त्या तासात ताज्या हवेचा डॅम्पर बंद ठेवून आतील बाष्प आधी काढावे.

हा डॅम्पर पुन्हा उघडायला मात्र विसरू नये, आणि येथून मी आपल्या दुसऱ्या तक्रारीकडे येतो. ठाण्यातील एका कार्यालयात दुपारी डोके जड होते, झोप येते अशी तक्रार होती, आणि त्यांनी दोन वेळा चिलरचे तापमान खाली आणवले होते. मी कार्बन डायऑक्साइड मोजला तेव्हा तो १,६०० पीपीएम निघाला. ताज्या हवेच्या तोंडावर आतून पुठ्ठा लावून टेपने चिकटवलेला होता. दिवाळीत फटाक्यांचा धूर आत येतो म्हणून कोणीतरी तो लावला होता आणि पुढच्या दिवाळीपर्यंत तो तसाच राहिला. त्या वर्षात चार सर्व्हिस झाल्या होत्या आणि चारही रिपोर्टवर एएचयू ठीक असल्याची खूण होती. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण ४२० ते ४५० पीपीएम असतो. कार्यालयासाठी अ‍ॅशरेचे मानक ६२.१ माणशी सेकंदाला अडीच लिटर आणि शिवाय क्षेत्रफळाच्या प्रत्येक चौरस मीटरला ०.३ लिटर ताजी हवा मागते. नेहमीच्या दाटीच्या कार्यालयात हे माणशी साडेआठ लिटर होते आणि त्या वेळी खोलीतील प्रमाण १,००० पीपीएमच्या आसपास स्थिरावते. १,६०० चा अर्थ हवा जेमतेम निम्मी मिळत आहे. ही चाचणी आपण स्वतः करू शकता. चांगला मापक काही हजार रुपयांत मिळतो. तिसऱ्या मजल्यावर दुपारी तीनला, खिडकी आणि माणसाचा श्वास यांपासून दूर, तो ठेवून आठवडाभर नोंद करावी. आकडा मोठा निघाला तर डॅम्पर, त्याची जाळी, ताज्या हवेचा फिल्टर आणि स्वच्छतागृहांचे एक्झॉस्ट या क्रमाने पाहावे. बाहेरच्या जाळीवर कबुतरांची घरटी असतील तर ती काढून टाकून बारीक जाळी बसवावी. कबुतरांच्या विष्ठेची धूळ आत ओढली जाणे फुप्फुसांसाठी घातक आहे. भाडेकरूने मधल्या काळात नवी केबिन किंवा मीटिंग रूम बांधली असेल तर तेथे परतीच्या हवेला वाट आहे का, हेही तपासावे. कितीही सर्व्हिस केली तरी भिंतीमुळे निर्माण झालेला दोष जात नाही.

डक्ट साफ करून देतो असे प्रस्ताव या सुमारास आपल्याकडे येतील. फिल्टर चौकटीत घट्ट बसत असेल आणि कॉइल व पॅन स्वच्छ असतील तर डक्ट दरवर्षी साफ करण्याची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. डक्टचे तपासणीचे दार उघडून, टॉर्च टाकून आधी पाहावे. बुरशी, उंदरांचा वावर किंवा बांधकामाची धूळ दिसली तरच त्यावर खर्च करावा. कॅन्टीनच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट डक्ट याला अपवाद आहे. त्यात तेलकट थर साठतो, तो पेट घेतो, आणि तो ठरल्या वेळी खरवडून काढलाच पाहिजे.

पंखे, पट्टे आणि विद्युत भागांची देखभाल बहुतेक कंत्राटदार बरी करतात, म्हणून येथे दोनच गोष्टी सांगतो. पट्टा तुटला की एकच बदलू नये, त्या पुलीवरचा पूर्ण संच बदलावा, आणि ताण बेताचा ठेवावा. अति ताणलेला पट्टा महिनाभर आवाज करत नाही, परंतु बेअरिंग खातो. दुसरी गोष्ट तळघराच्या एक्झॉस्ट पंख्यांची. मोटर रिवाइंड करून परत जोडताना दोन फेज उलटल्या तर पंखा उलटा फिरतो. सेंट्रिफ्यूगल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेला फेकतो, फक्त बरीच कमी, म्हणून हाताला वारा लागतो आणि दोष लक्षात येत नाही. अ‍ॅक्सियल पंखा मात्र गाड्यांचा धूर बाहेर टाकण्याऐवजी ताजी हवा आत ओढू लागतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर फिरण्याची दिशा बाणाशी जुळवून पाहावी आणि मोटरच्या तिन्ही फेजचे प्रवाह लिहून ठेवावेत.

सर्व्हर रूम आणि सुरक्षा केबिनमध्ये आपले वेगळे स्प्लिट एसी असतील. त्यांच्या रिपोर्टवर दरवर्षी गॅस टॉप-अप असा शब्द दिसत असेल तर तो दोष समजावा. गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. गळती शोधून, नायट्रोजनच्या दाबाखाली तपासून, सांधा ब्रेझ करून, व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत नेऊन मगच वजनाने गॅस भरावा. नव्या यंत्रांतील आर-३२ हा सौम्य ज्वलनशील वायू आहे, त्यामुळे हे काम प्रशिक्षित माणसाकडूनच करवून घ्यावे. अंधेरीसारख्या ठिकाणी समुद्राची खारी हवा पोहोचते. गच्चीवरील आउटडोअर युनिटची कॉइल महिन्यातून एकदा साध्या गोड्या पाण्याने, कमी दाबाने धुतली तर तिचे आयुष्य निश्चित वाढते. अ‍ॅसिडयुक्त द्रावणाने अ‍ॅल्युमिनियमच्या पात्या खाल्ल्या जातात, ते टाळावे.

फायर डॅम्परविषयी मी थोडे आग्रहाने लिहितो. आग लागल्यावर संबंधित एएचयू बंद झाले पाहिजेत आणि शाफ्ट ओलांडणारे डॅम्पर मिटले पाहिजेत. नाहीतर आपलीच डक्ट एका मजल्याचा धूर दुसऱ्या मजल्यावर पोहोचवते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावे लागते. प्रत्यक्षात तपासणी पंप, होज आणि डिटेक्टर यांच्यापाशी थांबते. डॅम्पर एसीवाल्याचा की फायरवाल्याचा हे ठरलेले नसल्यामुळे तो कोणीच उघडून पाहत नाही. मी पाहिलेल्या जुन्या इमारतींत पाती गंजलेल्या, स्प्रिंग तुटलेल्या किंवा वारंवार बंद होते म्हणून तारेने बांधून ठेवलेल्या आढळल्या आहेत. जानेवारीच्या प्रमाणपत्राआधी दोन्ही कंत्राटदारांना एकाच दिवशी बोलवावे, डिटेक्टरला चाचणीचा धूर द्यावा आणि एएचयू थांबतो का, डॅम्पर खरोखर मिटतो का, हे तपासणीच्या दारातून डोळ्यांनी पाहावे.

आता कराराविषयी. केवळ मजुरीच्या करारात कंत्राटदाराचा फायदा सुटे भाग विकण्यात असतो, आणि सुट्या भागांसह असलेल्या करारात भाग शक्य तितके दिवस न बदलण्यात. दोन्हींत प्रामाणिक माणसे भेटतात, परंतु करार त्यांना चुकीच्या दिशेला ढकलतो. म्हणून देयकाचा काही भाग वाचनांशी जोडावा. प्रत्येक तिमाहीत दोन्ही चिलरचा अ‍ॅप्रोच आणि टनामागील वीज, टॉवरच्या पाण्याचे क्षार आणि कठिणता, अठराही एएचयूंच्या फिल्टरचा दाबफरक आणि मोटरचा प्रवाह, प्रत्येक मजल्यावरील कार्बन डायऑक्साइड, आणि पंखा चालू ठेवून केलेली ड्रेनची चाचणी, एवढे मूळ नोंदीच्या शेजारी मांडून दिले तरच तो भाग द्यावा. ठीक, ओके किंवा खूण चालणार नाही, आकडाच हवा, असे करारात शब्दशः लिहावे. याबरोबरच प्लांट रूममधील आपल्या ऑपरेटरकडे लक्ष द्यावे. बारा तासांच्या पाळीत तो लॉगबुकमध्ये दर तासाला वाचने लिहितो आणि ती कोणीही वाचत नाही. काही दिवसांनी तो मागच्या पानावरून उतरवू लागला तर त्याचा दोष फार नाही. आठवड्यातून एकदा त्याच्या शेजारी बसून ते पान वाचावे आणि आकडा बदलला की त्याचे कारण त्याला विचारावे. अनेकदा कंत्राटदाराच्या इंजिनिअरच्या आधी त्याला बिघाड समजलेला असतो, फक्त कोणी विचारलेले नसते.

पावसाळ्याला अजून सहा आठवडे आहेत असे आपण लिहिले आहे. त्या वेळात तिसऱ्या मजल्यावरील दोन्ही एएचयूंचे ड्रेन सापळे मोजून सुधारून घ्यावेत, मग थंड पाण्याच्या नळांचे इन्सुलेशन सीलिंग उघडून पूर्ण लांबीत पाहावे, आणि टँकर सुरू झाले असतील तर आजच पाण्याचा नमुना तपासणीला द्यावा. कार्बन डायऑक्साइडची नोंद समांतर चालू ठेवता येईल. दोन्ही कंडेन्सरची वाचने भर मे महिन्याच्या भारावर घेऊन ठेवावीत, कारण खरा अ‍ॅप्रोच तेव्हाच दिसतो. तो ५ अंशांच्या वर असेल तर एका वेळी एकेक चिलर रविवारी बंद ठेवून नळ्या लगेच ब्रशने घासून घ्याव्यात. त्याहून कमी असेल तर हे काम डिसेंबरपर्यंत थांबू शकते. त्या महिन्यात भार कमी असतो आणि एकच चिलर पुरतो. कंडेन्सरचे झाकण उघडले जाईल तेव्हा घासण्याआधी आणि घासल्यानंतर नळ्यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि पाणी-उपचार करणाऱ्या संस्थेच्या माणसाला त्या दिवशी प्रत्यक्ष हजर राहण्यास सांगावे.